डीमन हवाच कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात लॅबमधले पीसी जोडून त्यावर प्रूफचा डीमन कसा बसवायचा यावर मी पोस्ट टाकली होती (प्रूफ म्हणजे सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधली, एक काम अनेक कोर किंवा मशीनवर वाटून चालवायची सोय; डीमन म्हणजे मागे कायम चालू राहणारा प्रोग्राम), त्यावर काल रात्री एक प्रतिक्रिया आली. आहे तशी देते: "ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा. दहा-बारा पोरांच्या डिपार्टमेंटला डीमन हवाच कशाला, प्रूफ-लाइट एका ओळीत चालतं. पोर्ट पण चुकीचा दिलाय. डीमन रूटने चालवायला सांगता म्हणजे सिक्युरिटीच्या नावाने बोंब. आणि प्रूफ आता वापरतं कोण, आरडेटाफ्रेम शिका."

आधी पोर्टचं सांगते. तुमचं बरोबर आहे. फायरवॉलच्या ओळीत माझ्याकडून १०९४ पडलं होतं, तो एक्सरूटडीचा (एका मशीनवरच्या फाईल्स दुसऱ्यांना वाचायला देणारा प्रोग्राम) पोर्ट, प्रूफचा १०९३. सकाळी उठल्या उठल्या दुरुस्त केलं, दाखवून दिल्याबद्दल आभार. बाकी अख्ख्या पोस्टमध्ये चारही ठिकाणी १०९३ नीट लिहिलेलं आहे हे तुम्हाला दिसलं असेलच, पण ते असो, चूक ती चूक.

पण "जरा अभ्यास करून लिहीत जा" हे मला लागलं, आणि ते मी गिळून टाकणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही नावसुद्धा लिहिलेलं नाही, आणि पहिल्याच वाक्यात ताई म्हणून थेट शाळामास्तरासारखं बोलायला सुरुवात. एखाद्याचं चुकलं तर "इथे चुकलंय, हे असं हवं" एवढं म्हणता येतं की. मराठीत या विषयावर लिहिणारे आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातल्या एकाने चार रात्री जागून लिहिलं तर त्याला असं हाणायचं, मग उद्या कोण लिहील?

अभ्यासाचं म्हणाल तर ऐका. २००९ साली मी पीएचडीला लागले तेव्हा आमच्याकडे आठ पीसी होते, प्रत्येकी चार कोरचे, आणि आम्ही अकरा जण. क्लस्टर वगैरे काही नाही, ज्याला जे मशीन मोकळं दिसेल त्यावर तो एसएसएच करून (म्हणजे दुरून लॉगिन होऊन) आपला जॉब टाकायचा. भिंतीवर एक कागद चिकटवलेला असायचा, "मशीन ३, मंगळवार रात्रीपर्यंत, हात लावू नये", त्याखाली दुसऱ्याचं अक्षर, "सोमवारपासून माझं आहे", त्याखाली तिसऱ्याचं. शेजारचं मशीन ५ तीन दिवस नुसतं चालू पडलेलं, कारण ज्याने ते अडवलं होतं तो गावी गेलेला. आणि एकदा एकाने दुसऱ्याचा दोन दिवस चाललेला जॉब रीस्टार्ट मारून घालवला, त्यानंतर ते दोघं महिनाभर बोलत नव्हते. तुम्ही विचारता डीमन हवाच कशाला, तर त्या कागदाच्या जागी डीमन हवा. माझ्या पोस्टचा अर्धा भाग हेच सांगतो आणि तुम्ही तो वाचलेला दिसत नाही.

प्रूफ-लाइट मला माहीत नाही असं तुम्ही कुठून धरलंत? प्रूफ-लाइटला डीमन लागत नाही, ते एकाच मशीनवर कोर मोजून तेवढे वर्कर, म्हणजे काम करणाऱ्या प्रोसेस, उभे करतं, सेटअप काही नाही, लॅपटॉपवर सिलेक्टर (विश्लेषणाचा कोड) तपासायला मी आजही तेच वापरते. उत्तम आहे. पण ते एका मशीनपुरतं आहे, आणि एका माणसापुरतं आहे. हे दोन शब्द तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाहीत.

मशीनचं आधी घेऊ. विश्लेषणात बहुतेक वेळा कोर कमी पडत नाहीत, डिस्क कमी पडते. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते, ती चार कोरना वाटून दिली तर प्रत्येकाला पंचवीस, मग आठ कोरचं मशीन आणलं तरी काय फरक पडणार, सगळे त्याच डिस्कसमोर रांगेत. आणि डेटा एका सर्व्हरवर ठेवून एनएफएसने (नेटवर्कवरून फाईल्स वाटायची पद्धत) वाचायचा म्हटलं तर एक गिगाबिटची वायर, म्हणजे कागदावर सव्वाशे एमबी, त्यात आठही मशीन. आम्ही काय केलं, फाईल्स आठ मशीनच्या आठ डिस्कवर पसरल्या, प्रत्येकावर एक्सरूटडी लावला, म्हणजे आठ डिस्क एकाच वेळी वाचायला लागल्या. प्रूफचा मास्टर, म्हणजे काम वाटणारी मुख्य प्रोसेस, काम आधीच कापून वाटून टाकत नाही, वर्कर मोकळा झाला की तो स्वतः पुढचा तुकडा मागतो, आणि ज्याच्या डिस्कवर जी फाईल आहे तिथला तुकडा मास्टर शक्यतो त्यालाच देतो. म्हणून एखादं जुनं मशीन रखडलं तरी बाकीचे त्याच्यासाठी थांबत नाहीत. हे एका लॅपटॉपवर प्रूफ-लाइटने कसं करणार ते मला सांगा, मी खरंच ऐकायला तयार आहे.

आता माणसांचं, आणि माझ्या मते मुद्दा हाच आहे. डीमन तिथे बसलेला असतो म्हणून अकरा जण त्याच्याकडे येऊ शकतात. तो प्रत्येकाचं सेशन त्याच्या स्वतःच्या युजरखाली सुरू करतो, एका सेशनला जास्तीत जास्त किती वर्कर मिळतील याची मर्यादा कॉन्फिगमध्ये घालता येते, कोणी बत्तीसच्या बत्तीस वर्कर अडवून बसू शकत नाही. आणि सेशन डीमनकडे जिवंत राहतं. संध्याकाळी क्वेरी लावायची, लॅपटॉप बंद करून घरी जायचं, सकाळी परत जोडून घ्यायचं. आमच्या होस्टेलवर दिवसातून दोन-दोनदा लाइट जायची, वायफाय तर विचारूच नका, ज्यांनी आपल्याच लॅपटॉपवर रात्रभर काम लावलं होतं त्यांची सकाळ कशी उगवायची ते मी पाहिलंय. सर्नमध्ये अ‍ॅलिस प्रयोगाने झटपट विश्लेषणासाठी सीएएफ नावाचा प्रूफचा क्लस्टर उभा केला होता, तोही काही एकट्यासाठी नव्हता, अनेकांनी एकच गोष्ट वाटून वापरायची म्हणून होता. आमचं त्याच्यासमोर खेळणं, पण गरज तीच.

आणि हे सगळं मी वाचून लिहिलेलं नाही. पहिल्यांदा आठ मशीन जोडली तेव्हा सगळे वर्कर हिरवे, क्वेरी सुरू, आणि निकालात शून्य इव्हेंट (डेटातली एकेक नोंद). एरर नाही, काही नाही. दोन दिवस मी सिलेक्टर तपासत बसले होते, हिस्टोग्राम भरायचा कोड तीनदा नव्याने लिहिला. शेवटी तिसऱ्या दिवशी एका वर्करवर जाऊन त्याच्या सेशनच्या फोल्डरमधली लॉग फाईल उघडली तर तिथे फाईल उघडता येत नाही म्हणून ओळींवर ओळी. कारण एवढंच, फाईलच्या पत्त्यात मशीनच्या नावानंतर मी एक स्लॅश दिला होता, तिथे दोन लागतात, नाहीतर पाथ पूर्ण धरला जात नाही. मास्टरच्या स्क्रीनवर मला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. म्हणूनच पोस्टमध्ये लॉग कुठे बघायचा यावर वेगळा परिच्छेद आहे, आणि दोन स्लॅश मी ठळक अक्षरात केलेत. एखाद्या पोराचे ते दोन दिवस वाचावेत म्हणून. यालाच मी अभ्यास म्हणते, तुम्ही काय म्हणता ते तुम्हीच ठरवा.

सिक्युरिटीबद्दल फार लिहीत नाही. डीमनला दुसऱ्याच्या युजरखाली प्रोसेस सुरू करायची असते, त्यासाठी सुपरयुजरचे, म्हणजे रूटचे, अधिकार लागतात, सगळ्यांना एकाच युजरखाली चालवायचं असेल तर लागत नाहीत. आमचा क्लस्टर बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलाच नव्हता, हे पोस्टच्या दुसऱ्या ओळीत आहे. (नवीन वाचणाऱ्यांसाठी: रूट नावाचा युजर वेगळा आणि रूट हे सर्नचं सॉफ्टवेअर, ज्याचा प्रूफ हा भाग, ते वेगळं, गोंधळ होतो.)

आरडेटाफ्रेमचंही (रूटमधली विश्लेषणाची नवी पद्धत) तसंच. चांगलं आहे, नवीन सुरुवात करणाऱ्याने तेच घ्यावं, प्रूफवर आता नवीन काम होत नाही हे मलाही माहीत आहे. पण ज्यांचा सगळा कोड रूटच्या ५.३४ या जुन्या आवृत्तीवर टीसिलेक्टरमध्ये (म्हणजे वरच्या सिलेक्टरच्या पद्धतीने) लिहिलेला आहे आणि ज्यांना या वर्षी थीसिस द्यायचाय त्यांना "आरडेटाफ्रेम शिका" असं सांगून काय होणार? ती पोस्ट त्यांच्यासाठी होती. मला दोन विद्यार्थ्यांनी मेल करून विचारलं म्हणून मी लिहिली, तुम्हाला ती नको असेल तर तुमच्यासाठी नव्हतीच.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, तिथेच राहील. पण पुढच्या वेळी आकडे घेऊन या. किती जीबीच्या फाईल्स, डिस्क कोणती, किती कोर, प्रूफ-लाइटला किती मिनिटं लागली, एवढं टाका, मी त्याच फाईल्सवर आठ मशीनचा वेळ काढून त्याखाली टाकते. आणि हो, ब्लॉगच्या वरती माझं नाव लिहिलेलं आहे, त्या नावाने बोला.