टेक्सासची ही लढत पुन्हा कुणी बंद पाडू नये

ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ आणि कॉलेज स्टेशनचं टेक्सास ए अँड एम, दोन्ही सरकारी विद्यापीठं. १८९४ पासून एकमेकांशी अमेरिकन फुटबॉल खेळत आलेली. २०११ पर्यंत ११८ सामने झाले आणि पुढचा थेट २०२४ मध्ये. मधल्या वर्षांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. इथल्या कितीतरी मराठी घरांत एक मूल ऑस्टिनला, दुसरं कॉलेज स्टेशनला असतं. आमच्याकडेही तसंच आहे, त्यामुळे ही लढत आमच्या घरातलीच.

बंद का पडली? पैशामुळे. २०११ मध्ये टेक्सास विद्यापीठाने ईएसपीएन या क्रीडावाहिनीबरोबर वीस वर्षांसाठी ३० कोटी डॉलरचा करार करून स्वतःची टीव्ही वाहिनी काढली. एकाच लीगमध्ये खेळणाऱ्या ए अँड एमला हे सहन होणं शक्यच नव्हतं. ते २०१२ मध्ये एसईसी या दुसऱ्या लीगमध्ये निघून गेले आणि मग कुणाच्याच वेळापत्रकात या सामन्याला जागा उरली नाही. सामना सक्तीचा करा, असं विधेयक राज्याच्या विधिमंडळात आलं, तेही बारगळलं. शेवटी टेक्सासही एसईसीत आलं, म्हणून २०२४ मध्ये सामना झाला. म्हणजे बंद पडला तो पैशापायी आणि सुरू झाला तोही पैशापायीच. लोकांना कुणी विचारलंच नाही.

गंमत बघा, दोन्ही विद्यापीठांच्या गाण्यांत एकमेकांचं नाव घेऊन डिवचलेलं आहे. सामना होत नसतानाही पोरं ती गाणी दर शनिवारी गळा फाडून गात होती.

आणि ही नुसती खुन्नस नाही. या सामन्याआधी ए अँड एमची मुलं ओंडके रचून प्रचंड मोठी होळी उभी करायची. १८ नोव्हेंबर १९९९ ला पहाटे तो ढीग रचतानाच कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी झाले. आठवड्याभराने सामना झाला, तेव्हा मध्यंतरात टेक्सासच्या बँडने मैदानावर शोकधून वाजवली आणि टोप्या काढून उभे राहिले. शंभर वर्षांच्या वैऱ्यांसमोर! तो सामना ए अँड एमने २०-१६ असा जिंकला. हे नातं कुठल्याही वाहिनीला विकत घेता येणार नाही, पण मोडता मात्र आलं.

आमच्या शेजारचे आजोबा ए अँड एमचे. त्यांच्या बोटातल्या विद्यापीठाच्या सोन्याच्या अंगठीवरची अक्षरं पार झिजून गेलीत. २०११ चा सामना टेक्सासच्या जस्टिन टकरच्या अगदी शेवटच्या किकवर २७-२५ असा गेला, तो त्यांना अजून पाठ आहे. २०२४ ला घरच्या मैदानावर पुन्हा १७-७ हरले. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी भेटले तर म्हणाले, "हरलो, पण खेळलो तरी."

माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही विद्यापीठांचे रीजंट्स, म्हणजे कारभारी मंडळाचे सदस्य, राज्यपालच नेमतात. दोन्हीकडच्या रीजंट्सनी बसून लेखी करार करावा: लीग कुठलीही असो, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात, एक वर्ष ऑस्टिनला, एक वर्ष कॉलेज स्टेशनला, हा सामना होणारच. पुढच्या टीव्ही करारांची बोलणी सुरू व्हायच्या आत हे कागदावर यायला हवं. टेक्सासमध्ये मतदान करणाऱ्या आपल्या मंडळींनी आपापल्या आमदारांना हे जरूर लिहावं. मी लिहिलंय.