कर्टलँडचा वॉर्बलर आणि फेरेट: तुलनेवरील आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. एक पक्षी आणि दुसरा सस्तन प्राणी, त्यामुळे कर्टलँडचा वॉर्बलर आणि काळ्या पायांचा फेरेट यांची तुलनाच निरर्थक ठरते, असे आपले म्हणणे आहे. शिवाय अमेरिकी सरकारने वॉर्बलरला संकटग्रस्तांच्या यादीतून वगळले आणि फेरेटला ठेवले, यावरून गाणाऱ्या पक्ष्याला झुकते माप मिळाले, असा निष्कर्ष आपण काढला आहे. दोन्ही मुद्दे मला पटत नाहीत.

वर्गीकरणातून नाते कळते. वॉर्बलर पॅसेरिफॉर्मिस गणातला, तर फेरेट कार्निव्होरा गणातल्या मस्टेलिडी कुळातला, म्हणजे वीझलचा आणि आपल्याकडच्या पाणमांजराचा भाईबंद (मुंगूस मात्र या कुळातले नाही). धोक्याची श्रेणी ठरवताना हे नाते पाहत नाहीत. संख्या, तिची घट आणि उरलेला अधिवास पाहतात. २०११ मध्ये वॉर्बलरला डेंड्रोइका प्रजातीतून सेटोफागा प्रजातीत हलवले, म्हणून त्याच्यावरचे संकट कमी-जास्त झाले नाही. १९६७ च्या पहिल्या अमेरिकी यादीत हे दोघेही होते, आणि माझ्या तुलनेचा आधार तोच आहे.

पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या संकटाच्या स्वरूपामुळे. वॉर्बलर मुख्यतः अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील जॅक पाइन या सूचिपर्णी झाडाच्या कोवळ्या रानात, जमिनीवर घरटे करतो. असे कोवळे रान वणव्यानंतर उगवते; वणवे विझवले जाऊ लागल्याने ते घटले. शिवाय काऊबर्ड हे पक्षी त्याच्या घरट्यांत अंडी घालू लागले, आणि त्यांच्या पिलांपुढे वॉर्बलरची पिले तगेनात. १९७४ आणि १९८७ च्या गणनांत गाणारे नर फक्त १६७ भरले. पाइनची लागवड आणि १९७२ पासून काऊबर्ड पकडण्याची मोहीम, या दोन उपायांनी २०१९ पर्यंत जोड्या दोन हजारांवर गेल्या. फेरेटचे तसे नाही. त्याचे अन्न जवळजवळ सर्वस्वी प्रेअरी डॉग, म्हणजे गवताळ प्रदेशात बिळे करून राहणारा खारीच्या कुळातला प्राणी, आणि त्यांच्या बहुतेक वसाहती माणसाने विष घालून संपवल्या. भरीस भर म्हणजे आशियातून आलेला प्लेग प्रेअरी डॉगलाही मारतो आणि फेरेटलाही. १९८७ पर्यंत वायोमिंगमधून पकडलेले अवघे १८ फेरेट उरले होते, आणि आजची सगळी संख्या त्यांतल्या मोजक्या जनकांपासून वाढली आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या जागतिक यादीत १९९६ मध्ये ‘वन्य स्थितीत नामशेष’ ठरलेला हा प्राणी २००८ मध्ये ‘संकटग्रस्त’ श्रेणीत आला, हीदेखील प्रगतीच म्हणायला हवी.

राहिला झुकत्या मापाचा मुद्दा. १९६७ च्या त्याच यादीत, वॉर्बलरच्याच कुळातला, बॅकमनचा वॉर्बलरही होता. तोही गाणाराच पक्षी; २०२३ मध्ये त्याचे नाव यादीतून काढले, पण ते नामशेष झाल्यामुळे.