ठुशी मागितली, चोकर दाखवला

चौथं दुकान. पुन्हा तेच! लेकीच्या लग्नासाठी ठुशी दाखवा म्हटलं, तर समोर कुंदनचा चोकर. वर "मॅडम, हल्ली ब्रायडल लूक हाच." अहो, नऊवारीवर कपाळाला मांगटिका लावून बोहल्यावर उभी करू का तिला?

कोल्हापुरी साज मागा, तर सात-आठ पानं ओवलेली साखळी काढतात. परंपरेनं साजाला २१ पानं असतात, मासा, कासव, चंद्र कुठे गेले विचारलं तर "लाइटवेट आहे ना!" घडणावळ मात्र मुळीच लाइटवेट नाही. तन्मणी, चिंचपेटी ही नावं ऐकून तो पोरगा माझ्याकडे असा बघतो की जणू मी मोडी वाचतेय.

आणि मंगळसूत्र! दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची, इतकं साधं. तर म्हणे, "वाट्या आउटडेटेड, हिऱ्याचं पेंडंट घ्या." बरं, ऑफिसला तेही घालेल हो ती, माझी ना नाही. पण लग्नात वाट्याच!

शेवटी सासूबाईंची बसरा मोत्यांची नथ काढली. चाप तेवढा बदलायचाय. त्यासाठी आता पाचवं दुकान.