बंदी पायजेच, आधी जरा थुंकून येतो!

तंबाखूबंदीला सोलापुरात विरोध कुणाचाच नाही बरं का! सात रस्ता चौकात कुणालाही विचारा. मान वर करून, तोंडातला ऐवज सांभाळत माणूस म्हणणार, "उंदी हायजेच." म्हणजे बंदी पायजेच. ब, प उच्चारायला ओठ मिटावे लागतात, आणि आत तंबाखू-सुपारीच्या माव्याला जागा नको का?

राज्यात गुटखा 2012 पासून बंद. मग एसटीच्या खिडकीखालचे ते लाल ओघळ कशाचे, डाळिंबाच्या रसाचे? शाळेपासून 100 यार्डांत विक्री नको, हा 2003 चा कायदा. आमच्याकडे टपरीवाला विचारतो, "मग शाळा हलवा की!" सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढली तर दंड 200 रुपयांपर्यंत. तो सांगायला गेलं की, "तुमच्या बापाचा रस्ता हाय का बे?" पाकिटावर 85 टक्के जागेत सडलेला जबडा छापलाय. गिऱ्हाईक त्यावरच अंगठा ठेवून पाकीट फाडतं.

आणि कर वाढवा म्हटलं की सगळ्यांना एकदम विडी कामगार बायका आठवतात! "त्यांच्या पोटाचं काय?" अरे वा! सूप मांडीवर घेऊन, पानं कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजार विड्या वळायच्या तेव्हा कुठं दिवसाची मजुरी. दिवसभर ती धूळ नाकात. त्यांच्या मजुरीच्या मोर्च्यात कधी दिसलात? त्यांना दुसरं काम द्या म्हणून कधी बोललात? नाही. तेव्हा तोंडात मावा होता.