बायोस कर्नल सुरू करतो का? एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यास-टिपणांतून आणि चित्रफितींतून एक परिच्छेद सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : बटण दाबले की बायोस (मदरबोर्डवरचा, यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) डिस्कवरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) शोधून मेमरीत आणतो व सुरू करतो, बूटलोडर हा दोन सिस्टीमपैकी एक निवडण्याचा मेनू असून यूईएफआय (बायोसची जागा घेणारे नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम) असलेल्या यंत्रांत त्याची गरज उरलेली नाही, आणि इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नलला मेमरीत मिळणारी छोटी, तात्पुरती फाइलसिस्टीम) ही जागा अडवणारी, निरुपयोगी फाइल आहे.

पहिले विधान साफ चुकीचे आहे. पारंपरिक बायोसला फाइल म्हणजे काय हेच ठाऊक नसते, मग कर्नल ओळखणे दूरच. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत ३१ किलोबाइटच्या पत्त्यावर आणतो, शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण आहे ना एवढे सहसा पाहतो आणि त्या पत्त्यावर उडी घेतो. या सेक्टरातले ६४ बाइट पार्टिशन टेबलाने (डिस्कच्या विभागांच्या यादीने) आणि २ बाइट खुणेने व्यापलेले असल्याने प्रोग्रॅमसाठी जेमतेम ४४६ बाइट उरतात. एवढ्या जागेत ईएक्सटी४सारखी फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) वाचणारा कोड मावत नाही. म्हणून ग्रब या लिनक्सच्या प्रचलित बूटलोडरचा (कर्नल मेमरीत आणून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) पहिला तुकडा फक्त दुसऱ्याला बोलावतो, आणि फाइलसिस्टीम कळते ती त्या दुसऱ्याला. गैरसमजाचे मूळ बहुधा इथे आहे, कारण डिस्क वाचताना ग्रब बायोसचीच सेवा वापरतो. मात्र वाचणारा हात बायोसचा असला, तरी काय वाचायचे ते ग्रब ठरवतो.

मेनूचे विधानही यातच निकालात निघते. मेनू कधीच दिसू नये अशी व्यवस्था केली, तरी कर्नलची फाइल उचलणे, इनिटरॅमएफएस मेमरीत ठेवणे, कमांड लाइन (कर्नलला द्यायच्या सूचनांची ओळ) तयार करणे आणि या दोन्हींचे पत्ते कर्नलला ठरलेल्या जागी नोंदवून देणे ही कामे बूटलोडरला करावीच लागतात. पुढे एक्स८६वरील (इंटेल-एएमडी धाटणीच्या प्रोसेसरवरील) लिनक्सची बीझेडइमेज, म्हणजे कर्नलची आकसवलेली फाइल, स्वतःच स्वतःला उलगडते. (यातले ‘बीझेड’ म्हणजे फाइल आकसवण्याची बीझिप पद्धत नव्हे, ‘बिग झेडइमेज’, ही चूकही त्याच टिपणांत आढळते.)

यूईएफआयबद्दलचे विधान अर्धसत्य आहे. २०१२ साली आलेल्या लिनक्स ३.३पासून एक्स८६ कर्नलमध्ये ईएफआय स्टब (फर्मवेअरला थेट चालवता येणारा छोटा सुरुवातीचा कोड) समाविष्ट करता येतो आणि फर्मवेअर ती फाइल थेट चालवू शकते, हे मान्य केले पाहिजे. पण फर्मवेअरच्या लेखी तो कर्नल नसून ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी सुरू होणारा एक ईएफआय प्रोग्रॅम असतो. मेमरीचा नकाशा घेऊन फर्मवेअरच्या बूट सेवा बंद करणे, ही बूटलोडरची जबाबदारी तो स्टब पार पाडतो. गरज संपलेली नाही, काम कर्नलच्या फाइलीत शिरले आहे. विंडोजमध्ये तर आजही बूट मॅनेजर, त्यानंतर विनलोड आणि मग कर्नल अशीच साखळी चालते.

राहिली इनिटरॅमएफएस. डिस्कचे व फाइलसिस्टीमचे ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेले असतील आणि रूटची (सिस्टीमच्या मुख्य फाइलसिस्टीमची) जागा साध्या पार्टिशनच्या नावाने सांगितली असेल, तर तिच्याशिवाय भागते. परंतु रूट एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असेल, एलव्हीएमवर (डिस्कच्या विभागांवर उभारलेल्या आभासी विभागांवर) असेल किंवा फाइलसिस्टीमच्या यूयूआयडीने (तिच्या अनन्य ओळख-क्रमांकाने) नोंदवलेले असेल, तर ते शोधण्याचे काम कर्नल स्वतः करत नाही. त्या यूयूआयडीची फाइलसिस्टीम कुठे आहे ते इनिटरॅमएफएसमधला प्रोग्रॅम शोधतो. अशा यंत्रावर ग्रबमधील इनिटआरडीची (इनिटरॅमएफएस मेमरीत आणायला सांगणारी) ओळ काढली, की पडद्यावर ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ (रूट फाइलसिस्टीम जोडता येत नाही) असा पॅनिक, म्हणजे कर्नल थांबल्याचा संदेश, दिसतो. तो संदेश छापणारा कर्नलच असतो, म्हणजे कर्नल लोड होऊन चालूही झालेला असतो. फक्त पहिली प्रोसेस सुरू करायला त्याला रूट मिळालेले नसते.