बाळाच्या चष्म्याला नऊ दिवस का लागले

नमस्कार. आमच्या चष्म्याच्या दुकानाला तुम्ही ऑनलाइन दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. एवढ्याशा लेकराचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर घरातल्यांची काय अवस्था असते ते आम्ही इथे रोज बघतो. त्यात आमच्यामुळे तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

किमतीबद्दल लिहिलंत, ते ऐकून घेतो. पण ‘चष्म्याला नऊ दिवस लावले, समोरचा तासाभरात देतो’ हे वाक्य फार लागलं. नौपाड्यातले आईवडील हेच वाचून आपलं मूल आमच्याकडे आणायचं की नाही ते ठरवणार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तासाभरात मिळतो तो तयार काचांचा चष्मा. उणे दीड, उणे दोन अशा काचा आमच्याही खणात असतात. मोतीबिंदू काढला की डोळ्यातलं मूळ भिंगच जातं, आणि इतक्या लहान वयात बरेचदा लगेच कृत्रिम भिंग बसवत नाहीत, कारण डोळा झपाट्याने वाढत असतो. मग आतल्या भिंगाचं सगळं काम चष्म्याच्या काचेवर येतं. तुमच्या बाळाचा नंबर अधिक वीसच्या घरातला आहे. ती काच कुठल्याही दुकानात तयार पडलेली नसते, लॅबला सांगून बनवून घ्यावी लागते.

आणि लॅबला सांगायचं तर फ्रेममध्ये बाळाची बाहुली नेमकी कुठे येते, त्याचं माप आधी हवं. पहिल्या दिवशी तुम्ही नुसती चिठ्ठी घेऊन आलात, बाळ कळव्याला आजीजवळ होतं. बाळाला घेऊन या, हे मी तेव्हाच सांगितलं. त्यानंतर तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलात आणि ‘यावरून घ्या की’ म्हणालात. फोटोवरून हे माप घेता येत नाही हो. अधिक वीसच्या काचेचा मध्य बाहुलीपासून २ मिलिमीटर जरी सरकला तरी ती ४ प्रिझमचं काम करू लागते, म्हणजे समोरची वस्तू आहे तिथून बाजूला दिसते. नजर नुकती बसू लागलेल्या डोळ्याला असा चष्मा मी देणार नाही. नऊतले निम्मे दिवस बाळाची वाट बघण्यात गेले, हे तुमच्या मजकुरात कुठेच नाही.

बाळ आलं त्या संध्याकाळी काय झालं, ते तुमच्या मिसेसना विचारा. बाळ त्यांच्या मांडीवर, माझ्या हातात छोटा टॉर्च, आणि फ्रेममधल्या डेमो, म्हणजे बिननंबरच्या, काचेवर बरोबर बाहुलीसमोर मार्करचा ठिपका द्यायचा. ठिपका झाला की बाळ फ्रेम ओढून तोंडात घालणार, मग पुन्हा पहिल्यापासून. दुकान बंद व्हायची वेळ उलटून गेली तरी आम्ही थांबलो, आणि ऑर्डर त्याच रात्री गेली. दुकानातल्या ज्या मुलावर तुम्ही काउंटरवर सगळ्यांदेखत आवाज चढवलात, तोच लॅबमधून चष्मा घेऊन गर्दीच्या लोकलने आला.

उशिराची काळजी आम्हालाही होती. पहिल्या काही महिन्यांत मेंदू बघायला शिकत असतो. तेव्हा चित्र धूसर राहिलं तर डोळा मंद पडतो, आणि पुढे कितीही चांगला चष्मा दिला तरी ती कसर पूर्ण भरून निघेलच असं नाही. म्हणूनच तर ‘बाळाला कधी आणताय’ असे फोन आम्ही करत होतो.

दुसऱ्या दुकानात तुम्हाला ‘नंबर जास्त दिलाय’ असं सांगितलं म्हणे. नंबर मी ठरवत नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे तोच काचेत आहे, पडताळून बघा. या वयात डॉक्टर मुद्दाम दोन-तीन नंबर वाढवून देतात. भिंग नसलेला डोळा जवळ-लांब असं स्वतः जुळवून घेऊ शकत नाही, आणि बाळाचं जग हातभर अंतरावरच असतं: आईचा चेहरा, खुळखुळा, दुधाची बाटली. चालायला लागल्यावर लांबचं बघायची गरज वाढते, तसा हा वाढीव नंबर कमी करतात आणि पुढे बायफोकल देतात.

काच बनवून घ्यावी लागते, इतकी छोटी फ्रेम कमी खपते, म्हणून महाग पडतं. बिलात दोन्ही वेगवेगळं लिहिलेलं आहे. लॅबकडून काम आणखी लवकर कसं मिळेल तेही बघतो आहोत.

चष्मा नाकावरून घसरत असेल तर मागचा पट्टा घट्ट करून घ्यायला या, त्याचे पैसे लागत नाहीत. दुपारी १ ते ४ बंद असतं, एरवी कधीही या. आणि डॉक्टरांची पुढची तारीख चुकवू नका. पहिल्या वर्षात नंबर पटापट उतरतो, आणि काचा वेळेवर बदलाव्या लागतात. त्या वेळी कुठूनही करून घ्या, पण बाळाला सोबत घेऊन जा.