‘पाण्याचीच बाटली आहे, विसळली की झालं’? नाही, होत नाही

पाण्याच्या बाटलीबद्दल एक समज घरोघरी आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत असतो. बाटलीत पाण्याशिवाय काही नसतं, मग साबण-घासणी कशाला? जिवाणू इतके हलके असतात की जोरात विसळलं की पाण्याबरोबर वाहून जातात. आणि बाटली स्टीलची असेल तर गुळगुळीत भिंतीवर ते टिकतच नाहीत. ऐकायला हे सगळं पटतं. मी काही वर्षं एकेक जिवाणू पृष्ठभागावरून उपटायला किती बळ लागतं ते मोजण्याचं काम केलं आहे, त्यामुळे यावर बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी हलकेपणा. जिवाणू हलका असतो हे अगदी खरं. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीचं वस्तुमान साधारण १ पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाइतकं. तिचं वजन बळाच्या भाषेत सुमारे ०.०१ पिकोन्यूटन (न्यूटन हे बळाचं एकक). पण जिवाणू पृष्ठभागाला धरून ठेवतो ते बळ अनेकदा १ नॅनोन्यूटनच्या, म्हणजे १००० पिकोन्यूटनच्या आसपास असतं. स्वतःच्या वजनाच्या एक लाख पट! वस्तू लहान होत जाते तसं वजन पृष्ठभागापेक्षा फार वेगाने घटतं. म्हणून एवढ्याशा जिवाच्या जगात वजनाला जवळजवळ किंमत नाही, सगळा कारभार पृष्ठभागाचा. हलका आहे म्हणून वाहून जाईल, हा तर्क आपल्या आकाराच्या जगातला आहे.

हे मोजतात कसं? १९८६ साली गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक मांडला. प्रयोगशाळेत सगळे त्याला एएफएमच म्हणतात. त्यात मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकी लांब, एका टोकाला पकडलेली लवचिक पट्टी असते. तिच्या मोकळ्या टोकाला एक जिवंत जिवाणू चिकटवायचा. त्यासाठी पॉलिडोपामीन या चिकट पदार्थाचा लेप वापरतात, आणि त्याची कल्पना सुचली ती समुद्रात खडकांना घट्ट धरून बसणाऱ्या शिनाण्यांच्या डिंकावरून. मग पट्टी पाण्याखाली हळूच खाली आणायची, जिवाणू पृष्ठभागाला टेकवायचा, थोडं थांबायचं आणि वर ओढायची. जिवाणू सुटेपर्यंत पट्टी वाकते, तिच्यावर पडलेला लेझरचा ठिपका सरकतो आणि त्या सरकण्यावरून बळ कळतं. नेहमीच्या मऊ पट्टीवर १ नॅनोन्यूटनची ओढ म्हणजे सुमारे १७ नॅनोमीटरचा वाक. (प्रत्येक पट्टीचा ताठपणा आधी स्वतंत्र तपासावा लागतो. तो चुकला तर दिवसभराचे सगळे आकडे फुकट.) यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: जिवाणू १ सेकंदाऐवजी अर्धा मिनिट टेकवून ठेवला, तर उपटायला बहुधा जास्त जोर लागतो. बाटलीत त्याला अर्धा मिनिट नाही, अख्खी रात्र मिळते.

‘जोरात विसळलं की निघतात.’ छताचा पंखा दिवसभर गरगरतो, तरी पात्यावरची धूळ तशीच राहते. पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, म्हणून धुळीला वारा लागतच नाही. बाटलीतही भिंतीला टेकलेलं पाणी जवळपास स्थिर असतं. वेग जाणवतो तो मधल्या पाण्यात, आणि जिवाणू असतो भिंतीपासून एखाद्या मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आत. वाहत्या पाण्याचा भिंतीवरचा ताण १ पास्कल असेल, तर १ वर्ग मायक्रोमीटरवर १ पिकोन्यूटन बळ पडतं. तो ताण दहापट धरला तरी हिशेब नॅनोन्यूटनच्या शंभराव्या भागापर्यंतच पोहोचतो. आता सरळ वर ओढणं आणि कडेने लोटणं या वेगळ्या गोष्टी आहेत, लोटून सोडवायला कमी बळ पुरतं. म्हणून विसळल्याने काही जिवाणू, विशेषतः नुकतेच टेकलेले, निघतातही. हे मी नाकारत नाही. पण ‘काही’ आणि ‘सगळे’ यात खूप अंतर आहे.

जोराच्या कल्पनेला खरा धक्का दिला तो ई. कोलायनेच. त्याच्या अंगावर केसांसारखे धागे असतात आणि धाग्याच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन, जे आपल्या पेशींवरची मॅनोज शर्करा पकडतं. २००२ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की प्रवाह वाढला की ही पकड सैल होण्याऐवजी घट्ट होते. विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याच्या दोरीचा फास आठवा, ओढ पडली की तो आवळतो. मूत्रमार्गात हे जिवाणू लघवीच्या प्रवाहात टिकून राहतात, त्यात या पकडीचा मोठा वाटा आहे. स्टीलवर मॅनोज नसतं, तिथली पकड वेगळ्या प्रकारची असते, त्यामुळे हे उदाहरण जसंच्या तसं बाटलीला लावता येणार नाही. पण ‘पाण्याचा जोर वाढवला की जिवाणू सुटलाच पाहिजे’ हा नियम नाही, एवढं यातून पक्कं होतं.

स्टीलचा गुळगुळीतपणा बोटाला जाणवतो तेवढाच. तारेच्या घासणीचा एक ओरखडाही दोन मायक्रोमीटर लांबीच्या जिवाणूला आडोशाला पुरतो. प्लास्टिकच्या बाटलीवर तर ओरखडे लवकर पडतात.

‘पाणीच तर होतं’ म्हणणाऱ्यांना मी कॉलोबॅक्टर क्रेसेंटस दाखवेन. हा जिवाणू गोड्या, अगदी कमी पोषण असलेल्या पाण्यातच राहतो आणि देठाच्या टोकावरच्या डिंकाने चिकटतो. २००६ साली अमेरिकेत बारीक काचनळ्यांनी त्याला ओढून पाहिलं, तेव्हा एक पेशी सोडवायला सरासरी ०.५९ मायक्रोन्यूटन, म्हणजे ५९० नॅनोन्यूटन बळ लागलं. त्या डिंकाचा १ वर्ग मिलिमीटर डाग जवळजवळ सात किलो वजन पेलेल. तो आपल्याला सहसा आजारी पाडत नाही. पण नुसत्या पाण्यात चिकटणारं काही नसतं, हे म्हणणं त्याच्यापुढे टिकत नाही. शिवाय तोंड लावून प्यायलेल्या बाटलीत नुसतं पाणी नसतंच, त्यात लाळही जाते.

‘इतकी वर्षं विसळूनच वापरतो, काही झालं नाही’ हेही ऐकतो. निरोगी माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, कारण बाटलीतले बरेचसे जिवाणू त्याच्याच तोंडातले असतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्या आजारी माणसाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या बाटलीला मात्र हा हिशेब लावू नका.

ब्रश चालतो कारण त्याचा केस भिंतीजवळचा तो स्थिर थर ओलांडून थेट जिवाणूला भिडतो, आणि साबण पकड सैल करतो. त्यानंतर बाटली उपडी ठेवून पूर्ण वाळू द्या. झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी घासा. रोज विसळलेल्या बाटलीच्या रिंगखालून बोट फिरवलंत तर जी बुळबुळ लागते, ती चिकटून राहिलेल्या जिवाणूंचीच आहे.